खांद्यापर्यंतचा वेडेपणा

नीटला चांगले गुण मिळवून पोरगं पशुवैद्यकीला गेलं की नातेवाईक हमखास विचारतात, "माणसांचा डॉक्टर व्हायला काय झालं होतं?" पोरगं गप्प बसतं आणि साडेपाच वर्षं पत्करतं. त्यातलं शेवटचं एक वर्ष आंतरवासितेचं, म्हणजे शेणामुताचं. हा वेडेपणाच आहे, आणि त्याची स्तुती करायला मी बसलो आहे. शिकाऊ मुलांबरोबर गोठ्यात बरीच वर्षं उभा राहिलो. हुशारीचं कौतुक केलं, पण जनावर सोपवलं ते वेड्यांच्याच हाती.

गाभण तपासणीचंच घ्या. खांद्यापर्यंत मोजा चढवायचा, साबणाचं पाणी लावायचं, बोटं चोचीसारखी जुळवून गाईच्या गुदद्वारातून हात आत सरकवायचा. आधी शेण काढायचं, मग आतड्याच्या भिंतीपलीकडची गर्भपिशवी चाचपायची. डोळ्यांना काही दिसत नाही. गाय कुंथते, आतडं मनगट आवळतं, बोटं बधिर होतात. पिशवीचं तोंड टणक, ते एक वेळ सापडतं. बदामाएवढा बीजांडकोश मात्र हाताला लागला म्हणेपर्यंत निसटतो. अशा वेळी आधीचा मुलगा "लागलं" म्हणाला म्हणून आपणही "लागलं" म्हणणं फार सोपं असतं. मागे मुलांची रांग, समोर सर, कठड्याला टेकून गाईचा मालक. तेवढ्यांच्या देखत जो म्हणतो, "सर, मला काहीच कळलं नाही," तो माझा वेडा.

कारण खोट्या "लागलं"ची किंमत गोठ्याला मोजावी लागते. रिकामी गाय गाभण ठरवली, की दर एकवीस दिवसांनी येणारा माज कुणी बघतच नाही. महिने जातात, चारा जातो, वेत लांबतं. उलट, गाभण गाईला रिकामी म्हटलं आणि तिच्यात पुन्हा रेतनाची नळी घातली, तर गाभ पडू शकतो.

दुसरा वेडेपणा हात मागे घेण्याचा. एकाच गाईवर सहा जणांचे हात होऊन गेले होते. सातव्या मुलीने मोजा चढवला होता. आधीच्याच्या मोज्यावर तिला रक्ताची पुसट रेघ दिसली. "सर, हिला आता सोडा. मी नंतर शिकेन." त्या दिवशी तिची तपासणीची पाळी हुकली. माझं स्पष्ट मत आहे की पहिले हात रबरी गाईवरच बसले पाहिजेत, आणि जिवंत गाईवर किती हात पडावेत याला मर्यादा हवी. पण तोवर गाईची बाजू घेतली ती या पोरीने.

आणि सलाईनजवळचा सावकाशपणा. ताजी व्यालेली गाय दुधाच्या तापाने बसते. नाव ताप, पण कान गार पडलेले, मान बरगडीकडे वळलेली. रक्तातलं कॅल्शियम चिकात निघून गेलेलं असतं. ते शिरेतून द्यायचं, पण भरभर दिलं तर हृदयच थांबू शकतं. एका शिकाऊ पोराने एका हातात बाटली धरली, दुसऱ्याने स्टेथोस्कोप छातीला लावला आणि तसाच उकिडवा बसला. मालक म्हणाला, "डॉक्टर, सोडा की जोरात, जीव जातोय तिचा." पोराने मान हलवली. ठोका अडखळला की तो बाटली खाली घ्यायचा, सावरला की पुन्हा वर. त्याच्या पायांना मुंग्या आल्या असणार. शेवटी गाईने ढेकर दिली, मांड्या थरथरल्या, कोरड्या नाकाडावर घामाचे थेंब डवरले, आणि तिने बसल्या जागी शेण टाकलं. शेण बघून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती सातवी मुलगी पुढे महिनाभर "नाही कळलं"च म्हणत राहिली. वहीतही तेच लिहायची. मग एका सकाळी तिचा हात आत असतानाच ती थबकली, डोळे मिटले. "सर, बोटाखाली काहीतरी झुळझुळतंय. नाडीसारखं नाही. पाटाचं पाणी वाहतं तसं."

ती गर्भपिशवीची रोहिणी होती. वासरू वाढायला लागलं की तिच्यातलं रक्त असंच झुळझुळतं. मी हात घालून बघितला. मालकाला रेतनाची तारीख विचारली, त्याने बोटांवर महिने मोजले : साडेचार.