फॉरमॅटचा अंगारा

इटियाडोहच्या लाभक्षेत्रात, म्हणजे गाढवी नदीवरील मातीच्या धरणाचे पाणी कालव्यांवाटे जिथवर पोहोचते त्या अर्जुनी मोरगावपासून वडसा-आरमोरीपर्यंतच्या धानपट्ट्यात, पिकावरील रोगांचे ज्ञान इतके सूक्ष्म आहे की एखाद्या कृषी विद्यापीठाला त्याचा हेवा वाटावा. पोंगा चांदीसारखा चकाकला आणि आत पोकळ निघाला तर गादमाशी, लोंबी पांढरी पडून ओढताक्षणी हातात आली तर खोडकिडा, बांधीत जळाल्यासारखे गोल पट्टे दिसू लागले तर तुडतुडे आणि पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटले तर करपा, असे निदान येथे धुऱ्यावर उभ्या उभ्या केले जाते, आणि एका रोगाचे औषध दुसऱ्यावर फवारणाऱ्याची गावात शहाण्यांमध्ये गणना होत नाही. त्याच घरातील टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला संगणक आजारी पडला की मात्र हे सारे वर्गीकरणशास्त्र उंबऱ्याबाहेर राहते आणि निदानासाठी एकच शब्द शिल्लक उरतो, तो म्हणजे ‘व्हायरस’.

वास्तविक या विषयाची परिभाषा धानाच्या रोगांपेक्षा अवघड नाही. संगणक ज्याचा आहे त्याच्या संमतीवाचून आणि त्याच्या हिताविरुद्ध काम करण्यासाठी लिहिलेल्या कोणत्याही आज्ञावलीला मालवेअर म्हणतात, आणि व्हायरस ही त्या मोठ्या भावकीतील केवळ एक शाखा होय. दुसऱ्या फाइलला चिकटून तिच्याबरोबर प्रवास करणारा तो व्हायरस, कोणाच्याही खांद्यावर न बसता जाळ्यातून स्वतःच पुढच्या संगणकाकडे सरकणारा तो वर्म, आहेर घेऊन आलेल्या सोयऱ्याच्या वेषात घरात शिरणारा तो ट्रोजन, घरातील सर्व फाइलींना कुलूप घालून किल्लीचे मोल मागणारे ते रॅन्समवेअर आणि कोपऱ्यात बसून मुकाट्याने सर्व ऐकणारे ते स्पायवेअर. या शेवटच्या प्रकाराशी ग्रामीण समाजाचा परिचय संगणकाहून जुना असल्यामुळे त्याची अधिक व्याख्या करण्याचे कारण नाही.

निदानाची घरगुती पद्धत लक्षणांवर आधारलेली असून तिच्यातील प्रमुख लक्षण ‘कॉम्प्युटर हँग होते’ हे आहे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रेत रात्रभर चाललेल्या सर्व नाटकांचे चित्रीकरण साठवून डिस्क काठोकाठ भरली असेल, शेजारच्या राईस मिलमधून उडालेला कोंडा पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसला असेल, किंवा एकावर विश्वास नको म्हणून बसवलेली तीन अँटिव्हायरस एकमेकांनाच चोर समजून रात्रंदिवस परस्परांची झडती घेत असतील, तरी दोष व्हायरसचाच ठरतो. याउलट खरे मालवेअर बहुधा अत्यंत सभ्य असते. गादमाशीची अळी पोंगा चकाकू लागेपर्यंत आत दडून बसते त्याप्रमाणे ते संगणकाचा वेग फारसा बिघडू देत नाही, कारण ज्याला पासवर्ड चोरायचा आहे त्याला यजमानाची झोप मोडण्यात स्वारस्य नसते. परिणामी या प्रदेशात निरोगी संगणकांवर उपचार होतात आणि रोगी संगणक निरोगी म्हणून नांदतात, असा एक विलक्षण समतोल निर्माण झालेला आहे.

उपचारकांची उतरंडही ठरलेली आहे. पहिला मान पुण्यात किंवा नागपुरात ‘आयटी’त असलेल्या भाच्याचा असतो. त्याचे काम विमा कंपनीच्या हिशेबाचे असले तरी ‘मामा, आधी रिस्टार्ट करा’ हा त्याने फोनवर दिलेला मंत्र मनोभावे सात वेळा आचरला जातो. त्याने गुण आला नाही तर सातबारा व दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रातील तरुणाचे मत घेतले जाते, आणि तो स्वतःच्या केंद्रातील संगणक कसेबसे चालवत असल्यामुळे सहानुभूतीपलीकडे काही देऊ शकत नाही. अखेरीस सीपीयू, म्हणजे वस्तुतः संगणकाचा सबंध डबा, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याच्या दुकानात नेला जातो, आणि तेथे तो उघडण्यापूर्वीच ‘फॉरमॅट मारावा लागते’ हा निकाल ऐकवला जातो.

दुकानातील फॉरमॅटचा अर्थ असा की डिस्कवरील जुनी मांडणी पुसून ती पुन्हा कोरी करायची आणि तीवर विंडोजसारखी कार्यप्रणाली नव्याने बसवायची. हा उपाय निरुपयोगी नाही. रोग खोलवर रुजला असेल आणि फाइलींची स्वच्छ प्रत आधीच वेगळी ठेवलेली असेल, तर तोच सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. परंतु भगताने दिलेल्या अंगाऱ्याप्रमाणे डोकेदुखीपासून वंध्यत्वापर्यंत सर्वांवर तोच लावला जाऊ लागला की त्याच्या गुणाची चर्चा करता येत नाही. पहिल्याच फुंकरीसरशी घरातील लग्नाचे फोटो आणि धानविक्रीच्या नोंदणीची कागदपत्रे नाहीशी होतात, आणि त्यांच्या जागी चोरीची कार्यप्रणाली येते. तिचे कुलूप फोडण्यासाठी ‘क्रॅक’ नावाची जी चिमुकली आज्ञावली चालवावी लागते, ती चालू देण्यासाठी अँटिव्हायरस काही काळ बंद ठेवावे लागते. घराची शांती करण्यासाठी आणलेल्या पुरोहिताने देवघराच्या खिडकीतून चोराला आत घ्यावे, आणि त्याची दक्षिणाही यजमानाकडूनच वसूल करावी, असे या विधीचे स्वरूप आहे.

विधीची सांगता पेनड्राइव्हने होते. लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्यात नेणे, मुलीचा अर्ज प्रिंट करून आणणे आणि बचत गटाचा हिशेब पंचायत समितीत पोहोचवणे या सर्व कामांसाठी घरोघर फिरणारा तो पेनड्राइव्ह म्हणजे गावातील सामायिक तांब्याच होय. त्यावर वस्ती करणारा सर्वपरिचित रोग ‘शॉर्टकट व्हायरस’ या नावाने ओळखला जातो. तो मूळ फोल्डर पुसत नाही, तर त्यांना अदृश्य असल्याची खूण करून ठेवतो आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी चिन्हे, पुढे मांडतो. अशा चिन्हावर क्लिक करताच प्रथम तो स्वतः संगणकात शिरतो आणि मग शहाण्या दलालासारखा मूळ फोल्डरही उघडून देतो, त्यामुळे काम झाले या आनंदात कोणालाही संशय येत नाही. फॉरमॅट होऊन कोऱ्या झालेल्या संगणकात ‘डाटा वापस टाकण्यासाठी’ हाच पेनड्राइव्ह खोचला जातो, आणि दुकानदाराची पुढील भेट निश्चित होते.

विषाणू लिहिण्याच्या विद्येला एकेकाळी काही शिष्टाचार होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. आयबीएम पीसी पद्धतीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ साली लाहोरमधील बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसत असे आणि त्यात दोघांची नावे, दुकानाचा पत्ता व फोन क्रमांक देऊन लशीसाठी संपर्क साधण्याची सूचना केलेली होती. रोगाने स्वतःच वैद्याचा पत्ता द्यावा हा प्रामाणिकपणा पुढे टिकला नाही. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. म्हणजे या रोगावरील औषध मराठी मुलखातही चांगले तयार होते. ते विकत घेण्यापेक्षा त्याचाही क्रॅक शोधावा, ही मात्र ग्राहकाची स्वतंत्र प्रतिभा होय.

इटियाडोहच्या परिसराला या विषयात खरोखर जागतिक संदर्भ आहे, आणि तो धरणापासून दूर नाही. गोठणगावजवळ १९७२ साली वसवलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत असून हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारे तिबेटी म्हणून तिच्यासारख्या वसाहतींतील लोक मराठी वाचकाला ठाऊक असतात. याच निर्वासित समाजाच्या धर्मशाळा शहरातील कार्यालयांमध्ये २००८-०९ साली टोरांटो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तपास केला, तेव्हा दलाई लामांच्या खासगी कार्यालयाच्या संगणकातही हेर बसलेला आढळला. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार १०३ देशांतील किमान १,२९५ संगणक या जाळ्यात होते आणि त्यांपैकी सुमारे ३० टक्के परराष्ट्र मंत्रालये, दूतावास यांसारख्या मातब्बर ठिकाणचे होते. जाळ्याला नाव मिळाले ‘घोस्टनेट’, आणि त्यातील हत्याराचे नाव होते ‘घोस्ट रॅट’. संगणकाला भूत लागले आहे असे म्हणणारी गावातील म्हातारी त्या दिवशी आंतरराष्ट्रीय संशोधनाच्या बरोबरीला येऊन बसली.

हे भूत पिंपळावरून उतरले नव्हते, तर ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेल्या आणि तिबेटी कार्याशी संबंधित भासणाऱ्या ईमेलला जोडलेल्या फाइलीतून आले होते. ती फाइल उघडताच संगणकाचा ताबा दूरवरच्या अनोळखी हाती जाई, आणि त्या हाताला कागदपत्रे चाळण्याबरोबरच कॅमेरा व मायक्रोफोनही गुपचूप चालू करता येई. नियंत्रणाचे धागे मुख्यतः चीनकडे जात असले तरी त्यामागे चीनचे सरकारच आहे, असे संशोधकांनी ठामपणे म्हटले नाही. पुढे तिबेटी कार्यकर्त्यांनी आपल्या लोकांसाठी जी मोहीम काढली तिचे सूत्र ‘अटॅचमेंटपासून अलिप्त राहा’ असे होते. इंग्रजीत आसक्तीला आणि ईमेलच्या जोडफाइलीला शब्द एकच आहे, त्यामुळे अडीच हजार वर्षे सांगितला गेलेला अनासक्तीचा उपदेश येथे केवळ तांत्रिक सूचना म्हणून पुन्हा वापरता आला. गोठणगावच्या शेजाऱ्यांनी तो ऐकला असता तर बरे झाले असते, कारण त्यांच्या व्हॉट्सॲपवर हल्ली ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ आणि ‘लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण’ अशा नावांच्या एपीके फाइली, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी गाठोडी, येऊन पडतात. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या योजनेचा हप्ता अडला या काळजीने ते गाठोडे सोडणाऱ्याच्या फोनमधील ओटीपी दुसरीकडे वाचले जातात आणि हप्त्यासह खातेही कोरडे होते.

हे अडाणीपणाचे फळ आहे, असा निष्कर्ष शहरी वाचकाने घाईने काढू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेत मालवेअरच्या साहाय्याने पैसे काढण्यास परवानगी देणारी खोटी यंत्रणा उभी करण्यात आली, २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रकमा उचलल्या गेल्या, आणि एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच्या आधीच्या वर्षी, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर वर्मने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांपर्यंत सर्वांना वेठीस धरले, तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. जगभरातील सुशिक्षितांनी दोन महिने ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्यात घालवले, आणि गोंदियाच्या शेतकऱ्यापाशी निदान दिवसाचा दीड जीबी डेटा अपडेटमध्येच संपतो हे कारण तरी असते.

शासन या बाबतीत स्वस्थ बसलेले नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून तेथे संगणक साफ करणारी साधने फुकट मिळतात. स्वच्छता अभियानात गाव झाडून पुरस्काराची पाटी लावणाऱ्या महाराष्ट्राला हे नाव रुचायला हवे होते. परंतु फुकटच्या औषधाला गुण नसतो, या सिद्धांतावर लोकांची श्रद्धा असल्यामुळे दुकानातील पाचशे रुपयांचा अंगाराच अधिक खपतो.

शंका आल्यावर करण्याच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे, बँकेचे व ईमेलचे पासवर्ड त्या संगणकावरून नव्हे तर दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून बदलावेत, पैसे गेले असतील तर तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि बँकेत कळवावे, एकाच विश्वासू अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी, आणि फॉरमॅटची वेळ आलीच तर आधी प्रत काढून केवळ कागदपत्रे व फोटो परत घ्यावेत, जुन्या आज्ञावली घेऊ नयेत. या यादीत लिंबू, नारळ आणि भाचा यांपैकी काहीही नसल्यामुळे ती लोकप्रिय होण्याची शक्यता कमी आहे.

खरे म्हणजे या परिसराला संगणकशास्त्र शिकण्यासाठी बाहेर जाण्याची गरज नव्हती. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतच असते, आणि पायथ्याशी उतरणारा पाझर स्वच्छ असेल तर अभियंता तो मोजून ठेवतो. पाझर गढूळ झाला तरच तो धावपळ करतो, कारण पाणी आतून माती घेऊन चालले आहे याची ती खूण असते. संगणकाचा संथपणा हा स्वच्छ पाझर होय, आणि न पाठवलेला संदेश आपल्या नावाने जाणे किंवा न मागितलेला ओटीपी येणे हा गढूळ पाझर होय. पाझर दिसला म्हणून कोणी धरणच फोडून पुन्हा बांधायला सांगत नाही. फोडून पुन्हा बांधण्याचे शहाणपण केवळ संगणकाला लागू आहे, आणि त्याची किंमत डबा उघडण्यापूर्वीच ठरलेली असते.

दुकानातून परतलेल्या संगणकाची दसऱ्याला यथासांग पूजा होते, माउसला हळदकुंकू लागते, कीबोर्डवर झेंडूचे फूल विसावते, आणि आपल्या घरावर कोणी काय केले असावे याची चर्चा शेजाऱ्यांवर संशय घेत उशिरापर्यंत रंगते. फाइल आपल्याच बोटाने उघडली होती, हे त्या चर्चेत कोणाला सुचत नाही. मग लग्नाचे उरलेसुरले फोटो परत टाकायचे म्हणून तो सामायिक पेनड्राइव्ह मागवला जातो, खोचण्यापूर्वी त्याच्या तोंडावर रीतीप्रमाणे एक फुंकर घातली जाते, आणि धूळ तेवढी उडते.