मुख्यालय भंडारा, मुक्काम नागपूर

लंडनच्या आजूबाजूला रेल्वेच्या जोरावर जी गावं फुगली, त्यांचा धर्म सरळ आहे. दिवसा लंडनला राबायचं, रात्री गावी येऊन झोपायचं. भंडाऱ्यानं ही पद्धत उचलली, पण उलटी करून. इथला साहेब दिवसा गावात असतो आणि झोपायला साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला जातो. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ भरली. ती मोजणाऱ्या गुरुजींपैकी किती जण स्वतः नागपुरात मोजले गेले, हा रकाना मात्र फॉर्मात नव्हता.

हे 'अप-डाऊन' नावाचं व्रत पाहायचं म्हणून सकाळी नागपूरच्या इतवारीहून गोंदियाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढलो. डब्यात माणसं कमी होती आणि जागा एकही नव्हती. प्रत्येक बाकावर कुणाचा रुमाल, कुणाची टिफिनची पिशवी, एका ठिकाणी तर नुसता चष्म्याचा डबा बसला होता. मी त्या डब्याशेजारी टेकलो.

"पासवाले आहा का जी?" समोरच्यांनी विचारलं.

मी तिकीट दाखवलं. रोज तिकीट काढणारा माणूस त्या डब्यात फक्त दयेला पात्र असतो. "बसा बसा," ते म्हणाले, "कामठीले तलाठी साहेब चढतात, तवर बसा."

कामठीला तलाठी साहेब आले. मी सरकलो. कन्हानला शाळेच्या दोन मॅडम आल्या. मी उठलो. पुढची सालवा, चाचेर, थारसा, रेवराल, खात ही स्टेशनं मी उभ्यानं पाठ केली. डब्यातली सामाजिक रचना उभ्यानंच नीट दिसते. खिडकीकडे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेले, म्हणजे जुनी पेन्शनवाले, डोळे मिटून निवांत. दाराकडे त्या तारखेनंतर लागलेले, सतत काहीतरी मोजत. मधल्या बाकावर पत्ते. पत्त्यांत मात्र पेन्शनभेद पाळत नाहीत.

मध्येच गाडी थांबली. स्टेशन नाही, फाटक नाही, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या.

"काहून थांबली जी?"

"कोळसा जाते न!"

आणि खरंच शेजारच्या रुळावरून कोळशाचे डबे निघाले. संपेचनात. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कारण उशिराचं कारण समोरून जात होतं आणि भंडाऱ्याच्या साहेबाला ते तोंडपाठ होतं. तसा या मार्गावर मालाचा हक्कच मोठा. १८८० च्या सुमारास इथे आलेली नागपूर-छत्तीसगड मीटरगेज रेल्वे मुळात छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायला घातली होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. माणसं तेव्हापासूनच या मार्गावर मालाला अडचण न करता बसतात. बी.एन.आर. या आद्याक्षरांचा 'बी नेव्हर रेग्युलर' असा विस्तार लोकांनी फार पूर्वीच करून ठेवलेला आहे. कंपनी गेली, विस्तार कायम आहे.

खात गेलं की डबा उठतो. भंडारा रोड! नवख्या माणसाला वाटतं, भंडारा आलं. आलेली असते वरठी. ही वरठी मोहाडी तालुक्यात. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाचं स्टेशन दुसऱ्याच तालुक्यात, आणि गाव तिथून दहाएक किलोमीटर. इंग्लंडातही असं झालंय. टेम्सकाठच्या किंग्स्टनला घोडागाड्यांचा धंदा बुडेल म्हणून रेल्वे नको होती, असं तिकडे सांगतात. १८३८ मध्ये गाडी गावाला वळसा घालून गेली आणि तिच्या स्टेशनाभोवती सर्बिटन नावाचं नवंच गाव उभं राहिलं. लंडनच्या चाकरमान्यांचं गाव म्हटलं की इंग्रज आज त्याचंच नाव घेतो. वरठीचं सर्बिटन झालं नाही. तिथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, त्यामुळे वरठीला स्वतःचं काम आहे, नागपूरच्या साहेबाला झोपवायला तिला वेळ नाही. किंग्स्टनला १८६३ साली स्वतःचं स्टेशन मिळालं. भंडाऱ्याचा प्रवासी अजून वरठीलाच ऑटो शोधतो. ऑटोत 'आणखी एक' बसतो, हा तिथला नियम आहे, आणि तो एक कायम मीच असतो.

भंडारा गाव मात्र फसवं नाही. खांब तलाव आहे, पितळी भांड्यांची जुनी कीर्ती आहे, किल्ल्यात तुरुंग आहे. मुख्यालयी चोवीस तास मुक्कामाला असणारे तेवढे तिथले कैदीच, असं एका चहावाल्याचं मत पडलं. मुख्यालयी राहण्याचा सरकारी नियम कडक आहे. गुरुजी गावातच राहतात, असा ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. म्हणून इथे एक आदर्श भाडेकरू जन्माला आला आहे. तो पाणी वापरत नाही, रात्री उशिरा येत नाही, पाहुणे आणत नाही, भिंतीला खिळा ठोकत नाही. त्याला फक्त घरभाड्याची पावती लागते. अशा घरमालकांपैकी एकांना भेटलो. "माणूस सोन्यासारखा," ते म्हणाले, "पाहिला नाही मी अजून."

या भाडेकरूचं खरं घर नागपूरच्या पूर्वेला. नंदनवन, पारडी, वाठोडा. भंडाऱ्याच्या रस्त्याला जवळ पडावं आणि पोरांच्या शिकवणीलाही दूर पडू नये, असा हिशोब. पूर्व नागपूर हे भंडाऱ्याचं उपनगर आहे, असं मी एका नागपूरकराला सांगितलं. त्यानं चहाचे पैसे द्यायचे सोडून दिले.

रस्त्यानं येणाऱ्यांची जात वेगळी. ते माथनीच्या टोलवर हळहळतात, मौद्याला चहा घेतात आणि ठाणा गावाजवळ 'पेट्रोलपंप' नावाच्या थांब्यावर उतरणाऱ्यांसाठी सरकून बसतात. त्यांच्याबद्दल एवढंच. पत्ते नाहीत म्हटल्यावर संस्कृतीही नाही.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. ज्यानं ती ठरवली त्यानं या मार्गाचं वेळापत्रक पाहिलं नसावं. तेव्हापासून शुक्रवारच्या संध्याकाळी वरठीच्या फलाटावर जो उत्साह दिसतो तो लग्नाच्या वरातीत दिसत नाही. नागपूरहून भंडारा रोडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो येणार, ही बातमी २०१८ पासून या डब्यात रोज चढते आणि रोज उतरते. वातानुकूलित डब्यात पत्ते खेळू देतील का, एवढीच शंका जुन्या पेन्शनवाल्या बाकानं आजवर काढली आहे.

तेव्हा भंडाऱ्याला सरकारी काम असेल तर मंगळवार ते गुरुवार, अकरा ते चार या वेळात जा. साहेब आहेत का, हे कार्यालयात फोन करून विचारू नका. रेल्वेच्या चौकशीला विचारा, गाडी कामठीहून सुटली का.