सीतेचा केसपेपर कसा काढावा: नवशिक्यांसाठी

साहित्य: एक महाकाव्य (वाचलेले नसले तरी चालेल), मानसशास्त्रातल्या चार-पाच संज्ञा आणि भरपूर आत्मविश्वास.

१. हात बसवायला ग्रीक घ्यावेत. इलियडची सुरुवातच अकिलीसच्या रागाने होते, त्यामुळे शोधाशोध वाचते. तो रुसून तंबूत बसला की समासात ‘अँगर इश्यू’ लिहून पान उलटावे.

२. जोनाथन शे यांचे ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ (१९९४) चुकूनही पुरते वाचू नये. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बोस्टनमध्ये उपचार करणारा हा मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, अकिलीसचे बिनसले ते सेनापती आगामेम्नॉनने त्याच्यावर अन्याय केल्यामुळे. अशाने एका पेशंटमागे दोघांची तपासणी करावी लागते.

३. आता घरचा पेशंट. त्यासाठी जायचे यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावजवळच्या रावेरीला. तिथल्या देवळात सीता एकटी आहे, राम नाही. ‘परित्यक्ततेची भावना’ अशी नोंद करावी. जवळच लव-कुशांनी बांधून घातलेला हनुमान आहे. ‘बापावरचा राग भलत्यावर’ एवढे लिहिले की फ्रॉइडही खूश.

४. मग गावची कथा ऐकावी. रानात सोडलेली सीता इथे बाळंत झाली. पसाभर गव्हासाठी दारोदार फिरली, गावाने दिले नाहीत. तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही, असा शाप देऊन ती गेली. पुढे हायब्रीड बियाणे येईपर्यंत तो खरा ठरला म्हणतात. इथे ‘प्रसूतीनंतरचे नैराश्य’ लिहायला पेन काढावे.

५. पेन काढताना ओट्यावरच्या आजीकडे बघू नये. ती म्हणायचीच, “तिले का झालं होतं ते राहू दे बापू. पसाभर गहू कोनं नाही देल्ले, ते लिही पहिले.”

६. शरद जोशींचे नाव टाळावे. या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकाराने झाला, पण सीतेच्या मनात डोकावायच्या फंदात ते पडले नाहीत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत त्यांनी नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला लावली. टाकलेल्या बाईवर हात पसरायची वेळ येऊ नये, याचा इलाज त्यांना सातबाऱ्यावर सापडला.

तात्पर्य: निदान खुशाल करा. फक्त अकिलीसच्या आधी आगामेम्नॉनचा आणि सीतेच्या आधी गावाचा केसपेपर काढा.