दसरा म्हैसूरचा, सुट्टी पुण्याची

म्हैसूरच्या दसऱ्याविषयी सगळ्यात भरभरून कोण बोलतं? म्हैसूरमध्ये नोकरीला असलेला मराठी माणूस. आणि बोलतो कुठून? सिंहगड रोडवरच्या आईबाबांच्या गॅलरीतून. वर्षभर नजरबादमध्ये भाड्यानं राहायचं, राजवाडा पायी जाण्याच्या अंतरावर, गच्चीत गेलं की चामुंडी टेकडी समोर. आणि घटस्थापनेच्या आदल्या रात्री दाराला कुलूप घालून पुण्याची बस धरायची. का, तर दसऱ्याची सुट्टी असते! विजयादशमीला इकडं अंबारी निघते तेव्हा साहेब श्रीखंड चेपून सोफ्यावर लवंडलेले असतात आणि दुसऱ्या कुणीतरी काढलेला हत्तीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर ढकलत असतात. खाली ओळ: ‘आमचं शहर!’

नजरबादला तसं बदलीवाल्यांचं अप्रूप नाही. टिपू सुलताननं म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड इथं नवा किल्ला बांधायला आणले. १७९९ मध्ये टिपू पडला आणि तेच दगड म्हैसूरचा किल्ला पुन्हा उभा करायला माघारी गेले. ज्या मोहल्ल्यात दगडसुद्धा बदलीवर येऊन गेले, तिथं आपल्या दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगची काय मातब्बरी? फरक एवढाच की दगड होते तोवर भिंतीत बसले. आपण जिन्यातच.

बरं, जे दसऱ्याला थांबतात त्यांची तऱ्हा ऐका. एक जात पासवाल्यांची. हे महिनाभर आधीपासून राजवाड्याच्या आवारातल्या खुर्चीसाठी वशिला लावतात. १६१० मध्ये राजा वोडेयार यांनी श्रीरंगपट्टणात सुरू केलेला हा सोहळा. अंबारीत पूर्वी राजा बसे, आता चामुंडेश्वरी बसते. अंबारीचं वजन साडेसातशे किलोंच्या घरात, ती २०२० पासून अभिमन्यू नावाचा हत्ती वाहतो, आणि सलामीला तोफांचे २१ बार होतात. पासवाल्याला यातलं दिसतं काय? पुढच्या रांगेतल्याचा वर केलेला मोबाइल. मग तो शेजाऱ्याला सांगायला घेतो, की आमच्या पुण्याच्या मिरवणुकीत कशी शिस्त असते. आपली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारीही लक्ष्मी रोडवर रेंगाळत असते, ही बारीकशी गोष्ट त्याला तेवढ्या वेळेपुरती आठवत नाही. मिरवणूक सयाजीराव रस्त्याला लागली, की मात्र स्वारी खुलते. रस्त्याला नाव बडोद्याच्या गायकवाडांचं, म्हणजे ‘आपले सयाजीराव’! परगावच्या सणात आपली पाटी सापडली, की आम्हाला तो सण समजला.

दुसरी जात मंडळवाल्यांची. हे हॉल घेऊन भोंडला करतात. त्यात वाईट काही नाही; पाटावर रांगोळीचा हत्ती काढावा, फेर धरावा, खिरापत ओळखावी. गंमत एवढीच, की त्याच सुमाराला खालच्या रस्त्यावरून खरे हत्ती सरावाला निघालेले असतात. पाठीवर वाळूची पोती, मानेवर माहूत, मागे शेपूट धरायला टपलेली पोरं. हॉलमधलं कुणीतरी उठून खिडकी लावून घेतं. गाणी नीट ऐकू येत नाहीत ना!

आणि यांचीच सख्खी भावंडं न्यू जर्सीत काय करतात? ऑक्टोबर सरता सरता भोपळा कोरतात, पोराला भुताचा झगा चढवतात आणि गोळ्या मागायला दारोदार पाठवतात. त्याला ‘तिथल्या समाजात मिसळणं’ म्हणतात, अल्बम करतात. म्हैसूरच्या जुन्या वस्त्यांतली पोरंही नवरात्रात दारोदार फिरत. ‘गोंबे कूर्सिद्दीरा?’ म्हणजे बाहुल्या मांडल्यात का, असं विचारून खाऊ घेत आणि पुढच्या घराकडं पळत. तसलं पोर आमच्या दारी आलं, तर आधी सोसायटीच्या ग्रुपवर वॉचमनची चौकशी होते. परदेशातला सण म्हणजे अनुभव, परराज्यातला सण म्हणजे गैरसोय.

आमच्या शेजारच्या अज्जींनी मला या दोन्ही जातींतून बाहेर काढलं, तेही माझी उंची बघून. त्यांना वरच्या पायरीची फळी धरायला माणूस हवा होता. गोंब्यांच्या पायऱ्या विषम संख्येत मांडायच्या. खाली लोखंडी ट्रंका, त्यांवर फळ्या, फळ्यांवर ताणून बसवलेलं पांढरं धोतर, कडांना टाचण्या. सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी. अज्जींच्या लग्नात ती माहेरून आली. राणीला दर वर्षी नवं लुगडं, राजाला नवी पगडी. खालच्या पायरीवर पोट सुटलेला वाणी आणि त्याची बायको, पुढ्यात चिमूटचिमूट खरी डाळ आणि खरे तांदूळ. राजाच्या पगडीची जर सुटली होती. ती चिकटवायचं काम मिळालं आणि पगडी तिरकी बसली म्हणून अस्सल कन्नडमध्ये बोलणीही बसली. खुर्चीवाल्या पाहुण्याला असली बोलणी कुणी देत नाही. त्याला सरबत देतात.

उसळी खाऊन निघालो तर अज्जींनी ‘कसं वाटलं’ वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, ‘आयुधपूजेला कोहळा लागतो, बाजारातून येताना घेऊन ये.’ आणला. आपल्याकडच्या खंडेनवमीला इकडं आयुधपूजा. गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या धुतल्या जातात, हॅंडलला केळीचे कोंब, चाकाखाली लिंबू, आणि वर कुंकू भरलेला कोहळा ओवाळून रस्त्यावर आपटायचा. पोलीस दर वर्षी विनवतात, की रस्त्यात फोडू नका, दुचाक्या घसरतात. गल्ली दर वर्षी मान डोलावते आणि फोडते. फोडताना सगळे हजर. फोडी गोळा करायला खराटा कुणाच्या हातात, तर परगावच्या उंच माणसाच्या.

हातात काम पडलं, की माणूस पाहुणा उरत नाही, हे गुपित विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना केव्हाच कळलं. सोनं-चांदी गाळायला म्हणून ही माणसं दक्षिणेतल्या शहराशहरांतून पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांना कुणी पास दिला नाही. मागच्या गल्लीत असं एक घर आहे. घट बसतो, शेजारी गोंबेही बसतात, आणि सून दोन्हीकडच्या हळदीकुंकवाच्या याद्या एका वहीत लिहिते. ‘स्थानिक संस्कृती’ हा शब्द त्या घरात कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. वेळच नसतो.

तेव्हा परगावचा सण ‘अनुभवायला’ निघालेल्यांनी आधी एवढं तपासावं: तिथं आपल्याला कुणी काम सांगतं का? सांगत असेल तर सण आपला. नसेल, तर आपण गिऱ्हाईक. आणि नुसती रोषणाईच बघायची असेल, तर त्यासाठी दसऱ्याच्या गर्दीत चेंगरायचं काही कारण नाही. राजवाड्यावरचे जवळजवळ लाखभर दिवे दर रविवारी संध्याकाळी लागतात. बघणाऱ्यांसाठी रविवार पुरेसा आहे. दसरा खराटेवाल्यांसाठी सोडावा.