वटवट्या

नायगावच्या अभयारण्यात लोक मोर बघायला जातात. आमचे सर तिथे मोराकडे पाठ करून उभे राहतात. १९९४ साली सरकारने सुमारे ३० चौरस किलोमीटर डोंगर मोरांच्या नावे केला, त्याचा सरांना अजून राग आहे. "मोर काय, बिनचष्म्याचाही दिसतो. दुर्बीण लागते ती पर्ण वटवट्याला!"

पर्ण वटवट्या म्हणजे सात-आठ ग्रॅमचा जीव. वरून मळकट हिरवा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर एक पुसट पट्टी. तीही पिसं झिजली की जाते. वारा नसताना पान हललं, तर तो तिथे होता असं समजायचं. सर व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतात, त्यात लिंबाची पानं फार सुंदर आलेली असतात.

रिटायर झाल्यापासून घरचं दळण त्यांच्याकडे आहे. गिरणीसमोर लिंब आहे, हे सरांच्या बायकोच्या लक्षात आलं नाही. डबा सायकलवर, मान आभाळाकडे. पाच मिनिटांत दहाजण जमतात.

"सर, आग्यामोहोळ बसलंय का?"

"श्श! आवाज नको," असं म्हणून सर जे सुरू होतात, ते पूर्ण तासिकाभर थांबत नाहीत.

हा पक्षी हिमालयातून, मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येतो. अळ्या, मावा, कोळी खातो. नर असो की मादी, ज्याने त्याने आपापली झाडं धरलेली. दुसरा आला की हुसकलाच. आपली माणसं कोयता घेऊन कारखान्याला निघतात, तेव्हा हा पोटासाठी बालाघाटात येऊन बसलेला असतो. इथे सर क्षणभर गप्प होतात. तेवढाच काय तो गप्पपणा.

मग तिबेट. हिमालयातून ही जमात पठाराच्या दोन्ही अंगांनी उत्तरेकडे पसरत गेली. शेजाऱ्याचं गाणं शेजाऱ्याला कळतं, पण दोन्ही टोकं सायबेरियात भेटली तर एकाचं गाणं दुसऱ्याला ओळखू येत नाही, आणि सोयरीकही जुळत नाही. "भावकी!" कोणीतरी म्हणतं. बांधाच्या भांडणात मुरलेल्या मंडळींना तिबेट लगेच कळतो.

परवा सर सायबेरियात पोचले होते, तेवढ्यात लिंबातून "चि-वीट" असा बारीक आवाज आला. पुन्हा आला. गिरणीवरच्या पोराने बोट वर केलं. "सर, ते चि-वीट करायलंय तेच का?"

"मधे बोलू नकोस," सर म्हणाले.

पोराने पक्षी नीट पाहिला, अगदी भुवईसकट. सरांचं सांगून झालं तोवर लिंब रिकामा होता आणि गिरणीची वीज गेली होती. दळण तसंच घरी गेलं.