दाभोळचा घोडेबाजार

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी दाभोळला आला, तेव्हा या बंदरात अरबस्तानातले घोडे उतरत. आता मुंबई-पुण्याहून जुन्या ऑल्टो, वॅगनआर येतात. दातांऐवजी टायर बघायचे, एवढाच फरक.

“डॉक्टरांची गाडी, एकहाती,” विकणारा सांगतो. अशा सगळ्या गाड्या खऱ्या धरल्या, तर कोकणात डॉक्टरांची टंचाई कधी नव्हतीच. मीटर बघावा तर डॉक्टरसाहेब घराबाहेरच पडत नसावेत; क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत.

घेणारा बॉनेटवर टिचकी मारतो, एसी लावतो, गाणी वाजतात का बघतो. वाकून खाली बघत नाही. खारा वारा पत्रा खातो तो तिथूनच: दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, स्टेपनीखालचा तळ. तिथे काळा रंग ताजा दिसला, तर खाली गंज जुना असतो.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २०१२ची गाडी २०२७मध्ये फेरनोंदणीला उभी राहणार. आरसी बुकातली ती तारीख कोणी वाचत नाही. घासाघीस रंगते ती नव्या सीट कव्हरांवर.