वाचकराव

भालचंद्र नेमाड्यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असा एक लेख लिहून मराठी लेखकांची झोप उडवली, त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. वाचकाचा वाचकराव होतो तो का, हा लेख अजून कुणीतरी लिहायचा आहे. जो लिहील त्याने आधी बेंगळुरूला यावं. नमुने इथे मुबलक आहेत, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेले असल्यामुळे पळूनही जात नाहीत.

वाचकराव ओळखायला सोपे. गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जा. जेवणाच्या रांगेत चार लोक व्हाइटफील्डमधल्या फ्लॅटच्या किमती बोलत असतात, दोघींचं ‘मुलाला कन्नड घ्यावं की संस्कृत’ चाललेलं असतं. वाचकराव हातात रिकामं ताट धरून गप्प उभे असतात. ते फक्त एका वाक्यासाठी टपलेले असतात. कुणीतरी कधीतरी सुस्कारा सोडून म्हणतंच, ‘‘हल्ली वाचनच होत नाही हो.’’ की झालं.

‘‘वाचण्यासारखं राहिलंय काय? उदाहरणार्थ...’’

या ‘उदाहरणार्थ’नंतर उदाहरण येत नाही, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकराकडून ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द वाचकरावांनी एकोणिसाव्या वर्षी उसने घेतले, ते परत केलेच नाहीत. ऑफिसात हाताखालच्या पोरांचं अप्रेझल लिहितानाही त्यांचा हात ‘टीमवर्क वगैरे’कडे वळतो. घरच्या वायफायचं नाव ‘सांगवीकर’ आहे. पासवर्ड काय असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो रोमन लिपीत टाइप करावा लागतो आणि ‘थ’मधला एच विसरून माणूस तिसऱ्या खेपेला मोबाइल डेटाच वापरतो.

तर ‘कोसला’. कादंबरी 1963 सालची, लिहिणारा तेव्हा पंचवीस वर्षांचा. वाचकरावांच्या हाती ती आली ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. प्रत रूम पार्टनरची होती. दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर. वाचकरावांनी रात्रभर ‘कोसला’ वाचली आणि एम-थ्रीत एटीकेटी घेतली. ही एटीकेटी ते आजही स्वातंत्र्यसैनिकाने तुरुंगवास सांगावा तशी सांगतात. रूम पार्टनर सध्या न्यू जर्सीत असतो आणि दर दिवाळीला शुभेच्छांबरोबर आपल्या प्रतीची चौकशी करतो. प्रत वाचकरावांकडेच आहे, खाकी कव्हर घातलेली.

पुढे ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतचं चांगदेव चतुष्टय त्यांनी वाचलं, पण सासुरवाडीच्या माणसांशी बोलावं तसं, अदबीने. ‘‘चांगदेव पाटील माणूस चांगला आहे. पण पांडुरंग नाही.’’ हा त्यांचा निकाल. माझ्या मते चांगदेव पांडुरंगापेक्षा कितीतरी जास्त जगलेला माणूस आहे. मास्तरकी करत, गाव सोडून गाव धरत, भाड्याच्या खोल्या बदलत. पण हे वाचकरावांपुढे बोलण्यात अर्थ नाही. त्यांना जगलेला माणूस नकोच होता. त्यांना पुन्हा हॉस्टेल हवं होतं.

‘झूल’ आली 1979 साली. त्यानंतर जी शांतता पसरली ती पसरलीच. दरम्यान पुण्यात इन्फोसिस निघाली, बेंगळुरूला गेली, तिच्यामागून निम्मं पुणं गेलं, त्यात वाचकरावही गेले. नेमाडे ‘हिंदू’ नावाचं काहीतरी प्रचंड लिहीत आहेत, एवढी खबर मात्र वर्षानुवर्षं येत होती. पुण्याहून कुणीही आलं की वाचकराव आधी विचारायचे, ‘‘आली का?’’ पाहुण्याला वाटायचं बायकोविषयी विचारताहेत. तो म्हणायचा, ‘‘नाही, तिला रजा नाही मिळाली.’’

2010 च्या जुलैत ती खरोखर आली. ‘हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ’, पॉप्युलर प्रकाशन, पानं सहाशेच्या आसपास. एकतीस वर्षांचा खंड, लेखक बहात्तर वर्षांचा. त्या काळी मराठी पुस्तक बेंगळुरूला यायचं म्हणजे रात्रीच्या व्होल्वोने येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या मधोमध. वाचकराव पहाटे स्टॉपवर जाऊन उभे राहिले. ऑफिसात ताप कळवला. दार लावून घेतलं. मुलाला सांगितलं, बाबांना हाक मारायची नाही.

दुपारी दार उघडलं. चेहरा ताप खरंच असल्यासारखा.

‘‘काय झालं?’’ बायकोने विचारलं. (ती याच हॉस्टेलच्या पिढीतली, त्यामुळे अहो-जाहो नाही.)

‘‘मोहेंजोदडो आहे,’’ वाचकराव म्हणाले. ‘‘पुण्याचा पत्ता नाही, मेस नाही, डायरी नाही. उत्खनन आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग! सत्तेचाळीस वर्षं थांबलो मी!’’

‘‘तुझा जन्म नव्हता रे झाला त्रेसष्ट साली,’’ ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

खरं तर ‘हिंदू’ हा ‘कोसला’चा पुढचा भाग नव्हेच. नायक वेगळा, पुरातत्त्वात काम करणारा खंडेराव. गाव मोरगाव. बाप मरणाला टेकलाय म्हणून घराकडे निघालेला पोरगा, आणि त्याच्या डोक्यात घराणं, शेती, जाती, बाया, भटके, पार सिंधू संस्कृतीपासूनचा पसारा. वाचकरावांचं म्हणणं, यात फार अडगळ आहे. आता ज्या पुस्तकाने मुखपृष्ठावरच ‘अडगळ’ असं छापून सावध केलं होतं, त्याच्यावर हा आरोप कसा करायचा ते तेच जाणोत. तक्रार अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी पाल्हाळ मलाही पेलला नाही. पण एक पंचविशीतला पोरगा जे लिहितो ते बहात्तराव्या वर्षी पुन्हा लिहून दाखव, असं सांगणं म्हणजे काय मागणं आहे, याचा विचार मागणाऱ्याने आरशासमोर उभं राहून करावा. वाचकरावांचं स्वतःचं पोट एकोणिसाव्या वर्षीचं राहिलेलं नाही. त्यांनी त्याबद्दल कुणाकडे दाद मागितलेली नाही.

त्यांच्या घरी ‘हिंदू’ आजही दर्शनी कपाटात आहे. मी एकदा सहज हातात घेतली. शंभरेक पानांवर ‘वज्र’ बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं होतं, मॅजेस्टिक ते कडुगोडी, शाई पार उडालेली. पुढची पानं कोरी करकरीत असतील असं वाटलं तर तसं नव्हतं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. ते वहिनींचं. त्यांनी अख्खी ‘हिंदू’ ऑफिसच्या बसमधून सिल्क बोर्डच्या सिग्नलवर वाचून काढली. (तो सिग्नल सहाशे पानांना पुरतो.) त्यांना आवडली. विशेषतः त्यातल्या घरातल्या बायका. हे वाचकरावांना ठाऊक नाही, कारण त्यांनी कधी विचारलेलं नाही.

‘हिंदू’ वाचली नाही असं ते कबूल करत नाहीत. ‘‘झेपवली नाही’’ असं म्हणतात. त्यातली पुस्तकावरची टीका तुम्ही ऐकायची असते.

2015 साल त्यांच्या आयुष्यात विजयाचं म्हणून नोंदवलं गेलं. फेब्रुवारीत नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. वाचकरावांनी दिवसभर अभिनंदनाचे फोन घेतले, जणू समितीवर तेच होते. आणि जुलैत हार्पर लीचं ‘गो सेट अ वॉचमन’ आलं. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’नंतर पंचावन्न वर्षांनी! चर्च स्ट्रीटवरून त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात आणलं, आणि दोन दिवसांत त्यांचा मला फोन. आवाजात पराकोटीचा आनंद. ‘‘वाईट आहे हो! फार वाईट! सगळं जग ओरडतंय!’’ ज्या ॲटिकस फिंचला लोकांनी न्यायाचा पुतळा मानलं, कौतुकाने पोरांची नावं ॲटिकस ठेवली, तो इथे वंशभेदी निघाला होता. त्यात हा पुढचा भाग म्हणून गाजलेला ऐवज मुळात आधीचा खर्डा. संपादिकेने पन्नासच्या दशकात तो वाचून, बालपणावर लिही, असं सांगितलं म्हणून ‘मॉकिंगबर्ड’ झाली. मिशिगनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाने तर गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. ही बातमी वाचकरावांनी छापून ऑफिसच्या फळ्यावर लावली. मराठीतही अशी सोय हवी, असं त्यांचं मत. फक्त पैशांबरोबर वाट बघितलेल्या वर्षांचं व्याजही मिळावं.

तेव्हापासून त्यांचा अभ्यास जागतिक झाला. जोसेफ हेलरने ‘कॅच-22’चा पुढचा भाग 1994 साली काढला, तेहतीस वर्षांनी, तो कसा फसला हे ते चर्च स्ट्रीटच्या फुटपाथवर उभ्या उभ्या सांगतात. सर्व्हांतिसने मात्र ‘डॉन किहोते’चा दुसरा भाग 1615 साली पहिल्याच्या तोडीचा लिहिला, हे कुणी मध्येच काढलं तर त्यांचं उत्तर तयार असतं: ‘‘कारण आदल्या वर्षी दुसऱ्याच कुणीतरी खोटा दुसरा भाग काढला होता. वाचकांचा अपेक्षाभंग आधीच उरकला होता.’’ हे मला अजूनही खोडता आलेलं नाही.

ज्याने त्यांना दुखावलं नाही असा एकच लेखक त्यांच्या लेखी आहे. प्रकाश नारायण संत. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. बेळगावचा लंपन चार पुस्तकांत कुठेही उतरला नाही. एकदा मंडळात बेळगावच्या एका बाई म्हणाल्या, ‘‘संत अजून दहा वर्षं राहायला हवे होते की ओ. लंपन मोठा झालेला बघायला मिळाला असता.’’ वाचकराव दचकले. ‘‘छे छे,’’ म्हणाले, ‘‘मोठा कशाला?’’

मुलगा आता विशीत आहे. मराठी बोलतो, वाचत नाही. बिल्डिंगच्या वॉचमनशी कन्नडात, बापाशी इंग्रजीत वाद घालतो. जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालेचा पाचवा खंड 2011 साली आला, सहावा अजून नाही, म्हणून तोही तोंड पाडून बसलेला असतो. त्याने शाळेत असताना पहिलं पुस्तक उघडलं तेव्हाच ही रांग लागलेली होती. बापाला वाटतं, पोराने आपलं काहीच घेतलं नाही.

आणि आता दुसरा भाग. ‘हिंदू’ ही कादंबऱ्यांच्या मालिकेतला पहिला भाग म्हणून आली होती. म्हणजे ज्या पुस्तकाची शंभर पानं झेपली नाहीत, त्याच्या पुढच्या भागाला उशीर होतोय म्हणून वाचकराव संतापलेले आहेत. ‘हिंदू’ आली तेव्हा बेंगळुरूत मेट्रो धावत नव्हती. 2025 च्या ऑगस्टात ती इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत पोचली. ‘‘मेट्रोवाल्यांनी उशीर केला, पण आणली ना?’’ वाचकराव विचारतात. पिवळ्या मार्गिकेच्या पहिल्या आठवड्यात ते मला भेटले ते हेच विचारत. हातात फोन होता.

‘‘परीक्षण लिहून ठेवलंय,’’ म्हणाले.

‘‘कशाचं?’’

‘‘दुसऱ्या भागाचं. ऐन वेळी घाई नको. बाराशे शब्द झालेत. फक्त पानांचा आकडा आणि किंमत, एवढी जागा मोकळी सोडलीय.’’

मी वाचलं. लेखकाने आपल्या चाहत्यांची घोर निराशा केली आहे, अशी सुरुवात होती. ‘निराशा’तला ‘नि’ दीर्घ पडला होता. तेवढा दाखवला. त्यांनी लगेच ऱ्हस्व केला आणि मला म्हणाले, ‘‘शेवटी थोडं चांगलंही लिहू का, मुखपृष्ठाबद्दल वगैरे?’’